बरोबरीत सुटलेल्या डावाची निंदा

परवा जिंतुरास आमच्या घरी चार मंडळी बसली असता एका विद्वान स्नेह्यांनी कपाटातील पोस्टकार्डांचा एक गठ्ठा सहज हाती घेतला. वरचे कार्ड वाचले, त्याखालचे वाचले. दोहोंवर चार-चार आकडे आणि खाली एखाददुसरी क्षेमकुशलाची ओळ, याहून अधिक काही नाही असे पाहून त्यांनी हे काय आहे म्हणून विचारले. रत्नागिरीकडील एका निवृत्त शिक्षकांशी आम्ही टपालाने खेळलेला हा बुद्धिबळाचा डाव आहे, बावीस महिने चालला, आणि तुमच्या हाती आहेत ती त्यांची कार्डे असून आमची तितकीच त्यांच्या घरी असतील, असे आम्ही सांगितले. “मग जिंकले कोण?” “कोणीच नाही. बरोबरी झाली.” यावर गृहस्थांनी गठ्ठ्यास पुन्हा दोरा गुंडाळला आणि म्हणाले, “म्हणजे बावीस महिने फुकट गेले म्हणावयाचे!” मंडळी हसली. आम्हीही हसलो, कारण पाहुण्यांच्या विनोदास हसावे अशी आपल्याकडील रीत आहे. परंतु त्या उद्गारात जे मत दडलेले आहे ते त्या एका गृहस्थांचे नसून सर्वसाधारण सुशिक्षित मराठी वाचकाचे आहे, आणि ते आमच्या मते अगदी चुकीचे आहे. त्याचा परामर्श घेण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

हा आक्षेप नीट मांडावयाचा तर असा मांडता येईल. खेळ हा निकालासाठी असतो. ज्या खेळास निकाल नाही तो अपुरा राहिलेला खेळ होय. समोरासमोर बसून खेळताना थकवा, घड्याळ, घाई इत्यादि कारणांनी बरोबरी होते, ती एक वेळ क्षम्य आहे. पण ज्यास एका चालीकरिता आठवडा मिळतो त्यानेही बरोबरीच करावी, यात त्याच्या बुद्धीचे दिवाळे उघड होते. आणि आता तर यंत्रे निघाली आहेत. तेव्हा टपालाचा डाव हा बोलूनचालून मेलेला प्रकार, त्यातही बरोबरीचा डाव म्हणजे मेलेल्याचे प्रेत. आक्षेपकांच्या तर्फेने आम्ही इतके जोरकस लिहिले आहे की त्यांनी स्वतः लिहिले असते तरी याहून अधिक लिहिता आले नसते.

पहिली गोष्ट ही की, बरोबरीस ‘फुकट’ म्हणणे ही आपली जुनी दृष्टी नाही. अरबी भाषेतील बुद्धिबळाच्या प्राचीन ग्रंथांत ज्या स्थितीत कोणासही जय मिळत नाही तिला ‘कायम’ म्हणत. हा शब्द आपल्या मराठीत रोजच्या व्यवहाराचा आहे, आणि त्याचा अर्थ टिकून राहिलेले, उभे असलेले असा आपण सर्व जाणतो. राजे गेले, राज्ये गेली, पण डाव कायम राहिला. आपल्या देशी खेळातही सर्व मोहरी मारली जाऊन एकटा राजा उरला की त्या प्रकारास ‘बुर्जी’ असे स्वतंत्र नाव होते. ज्या लोकांनी निकालाच्या अलीकडच्या अवस्थांना अशी निरनिराळी नावे ठेविली, त्यांना जय आणि पराजय यांखेरीज तिसरे काही दिसत नव्हते असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. जयाखेरीज दुसरे काही न दिसणे हा अलीकडचा रोग आहे, आणि तो पटावरून आला नसून बक्षीस-समारंभाच्या व्यासपीठावरून आला आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डावाची सुरुवात कशी करावी, म्हणजे ज्याला आपण प्रारंभ म्हणतो त्याचे जे शास्त्र आज जगात आहे, त्याचा पाया घालण्यात टपालाच्या डावांचा वाटा किती मोठा आहे, हे आक्षेपकांस बहुधा ठाऊक नसावे. सन १८२४ पासून १८२८ पर्यंत लंडन आणि एडिंबरो या दोन शहरांच्या मंडळांत टपालाने सामना झाला. डाव पाच झाले. त्यांपैकी दोन एडिंबरोने जिंकले, एक लंडनने, आणि दोन बरोबरीत सुटले. राजापुढचे प्यादे, मग राजाकडील घोडा, आणि तिसऱ्या चालीस वजिरापुढचे प्यादे एकदम दोन घरे पुढे लोटून मध्यभागी कलह उकरून काढावयाचा, हा जो प्रारंभ आज सर्व जगभर ‘स्कॉच’ म्हणून ओळखला जातो, त्यास ते नाव या सामन्यामुळे मिळाले. सन १८३४ ते १८३६ या काळात पॅरिस आणि लंडन यांच्यात असाच सामना झाला. त्यात पॅरिसकरांनी राजापुढचे प्यादे एकच घर पुढे करून उत्तर दिले, तोच ‘फ्रेंच बचाव’. पुढे १८४२ ते १८४६ या वर्षांत पॅरिसची पेस्ट शहराशी गाठ पडली आणि त्यातून ‘हंगेरियन बचाव’ हे नाव रूढ झाले. ही तीन नावे टपालाच्या थैलीतून बाहेर पडली आहेत. याचे कारण गूढ नाही. समोरासमोरच्या खेळात चूक झाली की डाव तिच्याच ओघाने जातो, आणि प्रारंभ चांगला होता की वाईट हा प्रश्न तसाच राहतो. टपालाच्या डावात दोन्ही पक्ष पटावर मोहरी मांडून, हलवून, पुन्हा मांडून, एकेका चालीची छाननी करितात. तेथे जो प्रारंभ टिकला तो खरोखर टिकला. आणि दोन्ही पक्ष चुकले नाहीत तर डावाचा शेवट बरोबरीत व्हावा हे स्वाभाविकच आहे. विल्हेल्म स्टाइनिट्झ या पहिल्या जगज्जेत्याचे मतही हेच होते की जय हा प्रतिपक्षाच्या चुकीतून निघतो. बुद्धिबळाविषयी हे गणिताने अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. पण त्याच पटावर खेळल्या जाणाऱ्या ‘चेकर्स’ या धाकट्या खेळाविषयी सन २००७ मध्ये ते सिद्ध झाले आहे: दोघेही निर्दोष खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो. तेव्हा बरोबरी हे बुद्धीचे दिवाळे असेल तर निर्दोषपणा हेही दिवाळेच म्हणावे लागेल.

येथे कोणी म्हणेल, लंडन-पॅरिसच्या या गोष्टी जिंतुरास कशाला? त्यास आमचे उत्तर तयार आहे. लंडन आणि एडिंबरो यांचा सामना संपत होता त्याच सुमारास, सन १८२८ मध्ये, मद्रास आणि हैदराबाद यांच्यात टपालाने बुद्धिबळाचा सामना चालू होता. आमचे जिंतूर त्या वेळी निजामाच्या मुलखात होते, आणि पुढे १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत तेथेच राहिले; तेव्हा ज्या हैदराबादेने हा सामना खेळला ती आमची राजधानी होती. रेल्वे नव्हती, तार नव्हती, एक पैशाचे तिकीट नव्हते. डाकेच्या हरकाऱ्यांच्या पायांवर एकेक चाल दक्षिणेकडे जात होती आणि एकेक उत्तरेकडे येत होती. डाव दोन झाले. मद्रासच्या बाजूची सूत्रे मुख्यत्वे गुलाम कासिम या गृहस्थांच्या हाती होती. सन १८२९ मध्ये मद्रासेस एक पुस्तक छापून निघाले. त्यात हे दोन्ही डाव टिपांसह दिले असून त्यांच्या जोडीला ‘मुझिओ गॅम्बिट’ या अत्यंत धाडसी प्रारंभाची चिकित्सा आहे, आणि कर्त्यांत गुलाम कासिमांबरोबर मद्रासच्या मुलकी खात्यातील जेम्स कॉक्रेन यांचे नाव आहे. त्या प्रारंभाच्या एका शाखेस आजही गुलाम कासिमांचे नाव आहे. ते दोन डाव कोणी जिंकले हे आम्ही येथे मुद्दामच सांगत नाही. ज्यांना निकालाखेरीज चैन पडत नाही त्यांनी शोधून काढावे; शोधता शोधता डाव वाचावे लागतील, हाच आमचा लाभ.

आता या गोष्टीवर अंमळ थांबणे अवश्य आहे, कारण आमच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. गुलाम कासिम यांचे नाव उरले ते त्यांनी लिहून ठेविले आणि ते छापले गेले म्हणून. पुढे कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नावाचे दुसरे एक बॅरिस्टर होते (कॉक्रेन या आडनावावर आपल्या बुद्धिबळाचे ऋण दुहेरी आहे). त्यांच्याशी महेशचंद्र बॅनर्जी नावाचे बंगाली ब्राह्मण गृहस्थ वर्षानुवर्षे खेळले. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीस दोन घरे जात नसे, त्यामुळे महेशचंद्रांना प्यादी एकेक घर सरकवून, उंट बाजूच्या कोपऱ्यातून दूरवर रोखून डाव मांडण्याची सवय होती. आज जगातील मोठमोठे खेळाडू ज्या ‘इंडियन’ बचावांचा आश्रय करितात, त्यांच्या नावाचा उगम या सवयीत आहे. पण ते डाव आज आपल्याला वाचावयास मिळतात ते कॉक्रेनसाहेबांनी टिपून ठेविले म्हणून. त्यांनी टिपून ठेविले नसते तर महेशचंद्र आपल्या चौकातील वडाखाली बसणाऱ्या अनेक नामांकित म्हाताऱ्यांप्रमाणे विस्मृतीत गेले असते.

आणि महाराष्ट्राचे काय? आपल्याकडे हा खेळ काही थोड्या दिवसांचा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात बुद्धिबळाचे प्रकरण आहे. सतराव्या शतकात काशीस नीलकंठ भट्टांनी ‘नीतिमयूखा’त या खेळाचे नियम सांगितले, हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, म्हणजे आमच्या गोदातीरचे. सन १८१४ मध्ये मुंबईस त्रेवेंगडाचार्य शास्त्री यांचा ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ इंग्रजी भाषांतराच्या रूपाने छापला गेला, त्यात मुख्यतः डावाच्या अखेरच्या कठीण स्थिती आहेत. शास्त्र होते, शास्त्री होते. परंतु पटावर जे घडते ते चालीमागून चाल लिहून ठेवावे आणि दुसऱ्याच्या परीक्षेस द्यावे, ही टाचणाची सवय मात्र आपल्या लोकांत रुजली नाही. पट मांडला, चहा झाला, कोणी जिंकले, कोणी हरले, पट गुंडाळला. जिंकणारास गोष्ट सांगण्यापुरती आठवण राहिली. हरणारास तेवढीही ठेवावीशी वाटली नाही. आणि बरोबरीचा डाव दोघांनीही त्याच रात्री टाकून दिला. बरोबरीची निंदा ही नुसती आवडीनिवडीची बाब आहे असे आम्ही मानीत नाही ते यासाठी. निकालावाचून किंमत नाही म्हटले की लिहून ठेवण्याजोगे फारच थोडे उरते, आणि लिहिणे गेले की प्रारंभाचे शास्त्र गेले. मीर सुलतान खान यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ या तीन वर्षी इंग्लंडचे अजिंक्यपद मिळविले, हेस्टिंग्जला कापाब्लांकासारख्यास हरविले. तरी प्रारंभाचे लिखित ज्ञान त्यांच्यापाशी नव्हते, आणि ती उणीव त्यांना प्रत्येक डावात आपल्या असामान्य बुद्धीने भरून काढावी लागली. अशी बुद्धि शतकात एखाद्यास मिळते. बाकीच्यांना टाचणच हवे.

तेव्हा आता त्या ‘फुकट’ गेलेल्या डावाकडे वळू. आत्मप्रौढीचा आरोप येईल हे आम्ही जाणतो. पण डाव बरोबरीचा असल्याने प्रौढीस फारशी जागा नाही. टपालाच्या खेळात मोहऱ्यांची नावे लिहीत नाहीत, कारण ती भाषेगणिक निराळी. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या पट्ट्यांना एक ते आठ आणि आडव्यांनाही एक ते आठ असे आकडे देऊन, मोहरे कोणत्या घरातून कोणत्या घरात गेले एवढेच चार आकड्यांनी कळवितात. ५२५४ म्हणजे पाचव्या उभ्या पट्टीतील दुसऱ्या घरचे प्यादे चौथ्या घरात. राजाने हत्तीकडे किल्लेकोट केला की ५१७१. आमचे प्रतिपक्षी शिक्षक असल्याने त्यांचे देवनागरी आकडे पाटीवर गिरवून घ्यावे असे होते. (निजामी अमदानीत जिंतुराहून रत्नागिरीस कार्ड धाडावयाचे तर संस्थानी टपालाचे तिकीट कामास येत नसे, ते संस्थानापुरतेच, ही अडचण आम्हांस नव्हती, हेही या निमित्ताने नमूद करून ठेवितो.)

पांढरी मोहरी आमच्याकडे होती आणि प्रारंभ आम्ही स्कॉच निवडला. पहिल्या तेरा चाली अशा झाल्या: (१) ५२५४ ५७५५ (२) ७१६३ २८३६ (३) ४२४४ ५५४४ (४) ६३४४ ७८६६ (५) २१३३ ६८२४ (६) ४४३६ २७३६ (७) ६१४३ ४७४५ (८) ५४४५ ३६४५ (९) ५१७१ ५८७८ (१०) ३१७५ ३७३६ (११) ४१६३ २४४६ (१२) ७५६६ ४८६६ (१३) ६३६६ ७७६६. यांतील पहिल्या नऊ चाली अनेक पुस्तकांत सापडतील, आणि आम्हीही त्या ‘जर तुम्ही अमुक तर आम्ही तमुक’ अशा जर-तरच्या ओळी लिहून तीन-चार कार्डांत उरकल्या. वाचकाने घरी पट मांडून पाहावा. तेराव्या चालीअखेर दोन्ही वजीर पटावरून गेले आहेत. प्यादी दोघांचीही सहा-सहा. पण काळ्याची दोन प्यादी सहाव्या उभ्या पट्टीत एकापुढे एक अडकली आहेत, आणि त्याच्या राजापुढची भिंत ढासळली आहे. उलट त्याचे दोन्ही उंट जिवंत आहेत, आणि हत्तींना दोन पट्ट्या मोकळ्या मिळाल्या आहेत. प्रश्न हा की ती दुहेरी प्यादी हा काळ्याचा दोष म्हणावा, की उंटांच्या जोडीची वाजवी किंमत म्हणावी?

बावीस महिन्यांतील बराचसा काळ आम्ही या एका प्रश्नावर घालविला. तो दोष आहे असे आमचे मत होते, आणि ते सिद्ध करण्यासाठी चौदाव्या चालीस आम्ही घोडा मागे घेतला (३३५२), हेतु हा की तो फेरा घालून मधल्या घरी बसावा आणि तेथून त्या दुबळ्या प्याद्यांवर नजर ठेवावी. तो बसतो की काय असे वाटताच रत्नागिरीहून प्यादे पुढे आले आणि घोड्यास उठावे लागले. आम्ही दुसरी वाट धरली. ती पाच आठवड्यांनी बंद झाली. सत्ताविसाव्या चालीस तर त्यांनी एक प्यादे आपण होऊन देऊ केले. आम्ही ते घेतले, आणि घेतल्यावर पटाकडे पाहत बसलो असता आमच्या ध्यानात आले की त्यांचा हत्ती आमच्या दुसऱ्या आडव्या पट्टीत उतरला असून आता आमच्या हत्तीस आपल्याच प्याद्यांची राखण करीत बसावे लागणार. एक प्यादे अधिक, पण घरचा कारभारी दाराशी बांधलेला. पुढे आणखी तेरा चाली आम्ही निरनिराळ्या युक्ति करून पाहिल्या. अखेर चाळिसाव्या चालीस तीच स्थिति तिसऱ्यांदा आली, आणि डाव सुटला. आमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे: त्या मांडणीत दुहेरी प्यादी हा दोष असला तरी जिंकण्यास पुरणारा नाही, बचाव करणाराने हत्ती खेळता ठेविला म्हणजे झाले. आम्ही बाविसाव्या चालीस चूक करून हरलो असतो तर आमचे विद्वान स्नेही म्हणाले असते, “वा! निकाल लागला.” आणि प्रश्नाचे उत्तर मात्र कोणासही मिळाले नसते.

बरोबरीच्या नावाखाली जे काही चालते त्या सर्वांचे समर्थन आम्ही करितो असे मात्र कोणी समजू नये. दोघे नामांकित खेळाडू पटावर बसतात, पाठ असलेल्या बारा-पंधरा चाली खेळतात, हात मिळवितात आणि जेवावयास जातात. हा प्रकार प्रेक्षकांची वंचना आहे. त्यावर उपाय म्हणून सन २००५ मध्ये सोफियाच्या स्पर्धेत खेळाडूंनी परस्पर बरोबरी सुचवू नये असा नियम केला, त्यास आमची हरकत नाही. परंतु २००८ मध्ये बिल्बाव येथे जयास तीन गुण आणि बरोबरीस एक अशी फुटबॉलची रीत आणली, ती आम्हांस पटत नाही. आळशी बरोबरीस शिक्षा करण्याच्या भरात कष्टाच्या बरोबरीसही तोच दंड, हा न्याय नव्हे. आलेखिन आणि कापाब्लांका यांच्या १९२७ च्या सामन्यातील चौतीस डावांपैकी पंचवीस बरोबरीत सुटले. ते काढून टाकले तर उरलेल्या नऊ डावांत आलेखिनने कापाब्लांकास कसे झिजविले याचा अर्थच लागणार नाही. १९८४ साली सुरू झालेला कार्पोव-कास्पारोव सामना अठ्ठेचाळीस डावांनंतर निकालावाचून थांबविला गेला, त्यात चाळीस बरोबऱ्या होत्या. लोकांनी त्याची थट्टा केली. पण पाच पराभव पत्करून कडेलोटावर उभा असलेला एकवीस वर्षांचा मुलगा त्याच बरोबऱ्यांच्या शाळेत जगज्जेत्यापासून बचाव शिकला आणि पुढल्या वर्षी जगज्जेता झाला. अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. महाराष्ट्रात आनंदीआनंद झाला आणि तो योग्यच होता. पण कोनेरू हंपीसारख्या अनुभवी खेळाडूशी अंतिम फेरीचे दोन्ही दीर्घ डाव तिने बरोबरीत सोडविले म्हणून ती जलद डावांपर्यंत पोहोचली. ते दोन डाव किती मराठी घरांत पटावर मांडले गेले?

राहिला यंत्राचा मुद्दा. तो आक्षेपकांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि त्यातील निम्मे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करितो. टपालाच्या बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने यंत्राची मदत घेण्यास मुभा दिली आहे, आणि तिच्या जगज्जेतेपदाच्या अलीकडील अंतिम फेऱ्यांत बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. अशा डावांत पटावरचे सत्य कदाचित अधिक असेल. पण ते सत्य शोधण्याचे श्रम कोणी केले असे विचारले तर उत्तर देताना खेळाडू अडखळेल. दोन यंत्रांच्या मधे बसून टपालाचे काम करणारा मनुष्य हा आमच्या कल्पनेचा खेळाडू नव्हे. परंतु यावरून टपालाचा खेळच मेला, हे अनुमान कसे निघते? मोटारी निघाल्या म्हणून पंढरीची पायी वारी बंद पडली नाही. यंत्र वापरावयाचे नाही असे आम्ही दोघांनी पहिल्याच कार्डात ठरविले होते, आणि त्या वचनावर पहारा करण्यास कोणीही नव्हते.

खोटे कशाला बोलावे, सत्ताविसाव्या चालीच्या वेळी आमच्याही मनात पाल चुकचुकली. प्यादे देऊन हत्ती आत घालण्याची ती चाल इतकी नेमकी होती की ही मास्तरांची की यंत्राची, असा संशय आम्हांस दोन दिवस छळीत होता. आम्ही कार्डावर त्याविषयी अक्षर लिहिले नाही. आठवडाभराने त्यांचे पुढचे कार्ड आले. त्यात त्यांनी आपण होऊन लिहिले होते की, प्यादे देण्यापूर्वी आपण दुसऱ्या दोन चाली पाहिल्या आणि त्या अमुक कारणांनी टाकून दिल्या. त्या कारणांपैकी एक साफ चुकीचे होते. त्यांनी आमचा उंट काळ्या घरांचा धरला होता, तो पांढऱ्या घरांचा! ती चूक वाचून आम्हांस जो आनंद झाला तो त्यांच्या पराभवानेही झाला नसता. यंत्र असले घोटाळे करीत नाही. ज्याच्याशी आपण कधी बोललो नाही, ज्याचा चेहरा पाहिला नाही, अशा मनुष्याच्या डोक्यातील धडपड त्या एका ओळीत आम्हांस लख्ख दिसली, आणि आम्ही केलेल्या संशयाची लाजही वाटली.

जिंतुरास रेल्वे नाही. मोठ्या शहरांत असतात तशी बुद्धिबळाची मंडळे परभणी जिल्ह्याच्या तालुक्यांत आमच्या तरुणपणी नव्हती. येथल्या मुलाच्या तोडीचा खेळाडू येथेच असेल असा भरवसा नसतो. आज मुलांना खेळ शिकविणारे वर्ग गावोगाव निघत आहेत, त्याचा आम्हांस संतोष आहे. पण तेथे पहिला धडा कोणता मिळतो? चार चालींत मात कशी द्यावी. वजीर आणि उंट एकाच प्याद्यावर रोखावयाचे आणि समोरचा बावळट निघेल अशी आशा धरावयाची. तो बावळट निघाला की चषक. न निघाला की रडे. बरोबरी करून घरी आलेल्या नऊ वर्षांच्या पोरास बाप रस्त्यातच म्हणतो, “जिंकला का नाहीस?” पोराने वीस चालींपर्यंत एका थोराडासमोर तग धरला होता हे त्यास कोणी विचारीत नाही, आणि डाव लिहून घेतलेला कागद दप्तरात चुरगळून जातो. हा प्रसंग आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. तो कागद आम्ही मागून घेतला. डाव साधारणच होता, पण सोळाव्या चालीस त्या पोराने हत्ती ज्या घरी नेला ते घर आम्हांस सुचले नसते.

आमच्या विद्वान स्नेह्यांस आता एवढेच कळवावयाचे की, तो गठ्ठा आम्ही पुन्हा सोडला आहे. रत्नागिरीकरांचे नवे कार्ड आले असून, या खेपेस पांढरी मोहरी त्यांच्याकडे आहेत आणि त्यांनीही ५२५४ हीच चाल लिहिली आहे. आमचे ५७५५ काल टपालात पडले. मधल्या काळात वर दिलेल्या तेरा चाली ज्या वाचकांनी पटावर मांडल्या असतील, त्यांपैकी कोणास चौदाव्या चालीस घोडा मागे घेण्याहून काही सरस सुचले तर त्यांनी ते चार आकडे आणि त्यापुढील निदान पाच चाली आमच्याकडे, या मासिकाच्या पत्त्यावर, एका कार्डावर लिहून धाडाव्या. उत्तर अवश्य पाठवू; मात्र आठवडा-दीड आठवडा लागेल.